चित्रफितीतील ध्वनी वेगळा काढून आटोपशीर करण्याची रीत

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शेतीशाळा, पीक-प्रात्यक्षिक अथवा शिवारफेरी झाली की तिचे मोबाईलवर चित्रण करण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावरील पाहणी असो, कसबे डिग्रजच्या केंद्रावर दिलेली हळदीची माहिती असो, किंवा बोरगाव, कालवडे, कांचनपूर येथील कृषी विज्ञान केंद्रांत भरलेला मेळावा असो, पंधरा-वीस मिनिटांची चित्रफीत गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये जमा होतेच. परंतु ती तेथेच पडून राहते, हाही तितकाच सार्वत्रिक अनुभव आहे.

याची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. चित्रफीत आकाराने फार मोठी असते. पाटण, जावळी, शिराळा या डोंगराळ तालुक्यांतील अनेक वाड्यावस्त्यांवर मोबाईलचा संपर्क क्षीण असतो व मोठी फाईल उतरवून घेताना ती मध्येच तुटते. बऱ्याच घरांत, विशेषतः वडीलधाऱ्यांपाशी, अजून बटनांचा साधा मोबाईल आहे. त्यावर कार्डात भरलेली गाणी वाजतात, मोठी चित्रफीत उघडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतकऱ्याला पडद्याकडे पाहत बसण्यास उसंत नसते. हळदीत खुरपणी करणाऱ्या बाईचे हात मातीत असतात. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देणाऱ्याचे लक्ष दाऱ्याकडे असते. या दोघांनाही पाहणे शक्य नाही, ऐकणे मात्र सहज शक्य आहे. म्हणून चित्रफितीतील बोलणे तेवढे वेगळे काढून त्याची लहान ध्वनिफीत करणे हे विस्तारकार्यातील एक अत्यंत उपयुक्त काम ठरते.

केवळ कानाने शेतीचे शिक्षण घेण्याची गोष्ट या भागास नवीन नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने आसपासच्या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी व शंका केंद्राकडे कळवाव्यात, अशी ती योजना होती. पुढे १९६३ मध्ये सांगलीस स्वतंत्र आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि शेतीविषयक कार्यक्रम ऐकत जेवण उरकण्याची सवय कित्येक घरांना लागली. त्या काळच्या वक्त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असे, ती ही की, ऐकणाऱ्यासमोर चित्र नाही. आजचा वक्ता कॅमेऱ्यासमोर बोलतो व निम्मी गोष्ट हातानेच दाखवितो. या फरकाचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत. तत्पूर्वी फाईलची रचना समजून घेणे अवश्य आहे.

मोबाईलवर तयार होणारी चित्रफीत बहुधा एमपी४ या नावाची असते. एमपी४ हे वस्तुतः एक पोते आहे असे समजावे. त्यात दोन निराळे जिन्नस शेजारी शेजारी भरलेले असतात, एक चित्राचा प्रवाह व दुसरा ध्वनीचा. दोन्ही आधीच संकुचित केलेले असतात. चित्रासाठी बहुतेक मोबाईल एच.२६४ किंवा एच.२६५ ही पद्धत वापरतात आणि ध्वनीसाठी एएसी ही १९९७ साली प्रमाणित झालेली पद्धत. कोणता क्षण कोणत्या आवाजाशी जुळतो याची नोंद त्याच पोत्यात असते, म्हणून ओठ आणि शब्द एकाच वेळी हलतात.

या दोन जिनसांचे वजन मात्र अगदी विषम असते. १०८० रेषांच्या नेहमीच्या चित्रणास दर मिनिटाला साधारणपणे ६० ते १३० मेगाबाईट जागा लागते. म्हणजे वीस मिनिटांच्या प्रात्यक्षिकास १,२०० ते २,६०० मेगाबाईट. त्यातील ध्वनी सेकंदाला १२८ किलोबिट या दराने भरलेला असेल, तर वीस मिनिटांत तो अवघा १९ मेगाबाईट भरतो. हा हिशेब कोणासही करून पाहता येईल : १२८ ला १,२०० सेकंदांनी गुणावे, आठ बिटांचा एक बाईट म्हणून आठाने भागावे. तात्पर्य, शंभर भागांत ध्वनीचा वाटा एक-दीड भागाचाच असतो. आणि शेतकऱ्याला हवे असलेले ज्ञान पुष्कळदा त्या एक-दीड भागातच असते.

ध्वनी वेगळा काढण्याचे दोन मार्ग आहेत व त्यांतील भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. पहिल्या मार्गात पोते उघडून ध्वनीचा प्रवाह जसाच्या तसा दुसऱ्या, लहान पोत्यात भरतात. यात ध्वनीला कोणताही धक्का लागत नाही आणि काम काही सेकंदांत उरकते. मिळणारी फाईल एम४ए या नावाची असते. दुसऱ्या मार्गात तो ध्वनी पूर्ण उलगडून पुन्हा नव्याने, अधिक लहान स्वरूपात बांधतात. एमपी३ फाईल तयार होते ती या मार्गाने.

तासगावकडील शेतकऱ्यांस हा दुसरा मार्ग बेदाण्यावरून चटकन उमगेल. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी गेले, गोडी राहिली, वाहतूक सोपी झाली. परंतु बेदाणा पाण्यात भिजविला म्हणून त्याचे पुन्हा द्राक्ष होत नाही. ध्वनीचेही तसेच आहे. एकदा आटविलेल्या फाईलमधून गेलेला अंश परत मिळत नाही, आणि एमपी३ वरून पुन्हा एमपी३ करीत गेल्यास प्रत्येक वेळी थोडी थोडी हानी वाढत जाते. यास्तव मूळ चित्रफीत जपून ठेवावी व प्रत्येक नवी ध्वनिफीत मूळ चित्रफितीवरूनच काढावी.

आटविताना नेमके काय टाकले जाते, हा प्रश्न जिज्ञासू वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मनुष्याचा कान सर्व आवाज सारख्या दक्षतेने ऐकत नाही. गुऱ्हाळाचे इंजिन धडधडत असताना शेजारच्या बांगड्यांची किणकिण कानापर्यंत पोहोचूनही जाणवत नाही. मोठा आवाज आपल्या आसपासच्या पट्टीतील लहान आवाजास झाकून टाकतो. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या या स्वभावाचा उपयोग करून एमपी३ ही पद्धत सिद्ध केली. ती १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रमाणित झाली व १९९५ साली तिला हे आखूड नाव मिळाले. या पद्धतीत ध्वनीचे सेकंदाच्या सुमारे पंचाहत्तराव्या भागाएवढे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यात कोणकोणत्या पट्टीचे सूर आहेत हे मोजतात, आणि जे सूर झाकले जाणार आहेत त्यांच्यावर जागा खर्च करीत नाहीत. न आटविलेला, तबकडीच्या दर्जाचा ध्वनी सेकंदाला १,४११ किलोबिट जागा घेतो. बोलण्यापुरती एमपी३ त्याच्या विसाव्या भागात भागते. तिचे पेटंट परवाने देण्याची योजना २०१७ मध्ये संपुष्टात आली, त्यामुळे ती वापरण्यास आता कसलाही अडसर नाही.

एमपी३ पेक्षा नवीन व अधिक काटकसरी पद्धतीही आहेत. २०१२ साली प्रमाणित झालेली ओपस ही त्यांतील उत्तम होय. व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलके निरोप तिच्यातच बांधलेले असतात. तथापि बटनांच्या साध्या मोबाईलवर ओपस वाजेल याची शाश्वती नाही. एमपी३ मात्र जवळपास सर्वत्र वाजते, आठवडे बाजारात मिळणाऱ्या कार्डाच्या छोट्या स्पीकरवरसुद्धा. ज्यांना पोहोचावयाचे त्यांच्यापाशी जे साधन असेल त्यास अनुसरून पद्धत निवडणे हेच शहाणपणाचे.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. ग्रामपंचायतीतील किंवा शाळेतील संगणकावर व्हीएलसी हा विनामूल्य कार्यक्रम असला म्हणजे पुरे. मोबाईलमधील चित्रफीत प्रथम तारेने संगणकावर उतरवून घ्यावी. व्हीएलसी उघडून ‘मीडिया’ या सदरातील ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ निवडावे, ‘अ‍ॅड’ या बटनाने चित्रफीत दाखवावी व खालचे ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ दाबावे. पुढील चौकटीत ‘प्रोफाइल’ म्हणून ‘ऑडिओ - एमपी३’ घ्यावे. त्याच्या शेजारी पान्याचे लहानसे चिन्ह असते. ते दाबले असता ध्वनीचा दर, मार्गिकांची संख्या इत्यादी बदलता येतात. दर ६४ किलोबिट आणि मार्गिका एक ठेवावी, कारण एकाच माणसाच्या बोलण्याला डाव्या-उजव्या अशा दोन मार्गिकांची गरज नसते. नमुन्यांचा दर, म्हणजे ‘सॅम्पल रेट’, ४४,१०० हाच राहू द्यावा. शेवटी ‘ब्राऊझ’ दाबून नव्या फाईलला नाव द्यावे आणि ‘स्टार्ट’ दाबावे. नव्या फाईलचे नाव मूळ चित्रफितीच्या नावाहून निराळे असावे, नाहीतर मूळ फाईल पुसली जाण्याचा धोका संभवतो. या रीतीने वीस मिनिटांचे प्रात्यक्षिक साडेनऊ-दहा मेगाबाईटांत बसते. चार गिगाबाईटांच्या कार्डात अशा दराने सव्वाशे तासांहून अधिक बोलणे मावते.

ज्यांना संगणकाचा सराव आहे त्यांनी एफएफएम्पेग हे साधन अवश्य शिकून घ्यावे. त्यात बटने नाहीत, आज्ञा टंकाव्या लागतात. पण ‘चित्र वगळ, ध्वनी जसाच्या तसा काढ’ हा पहिला मार्ग त्यातून एका ओळीत साधतो आणि पन्नास चित्रफितींचे काम एका दमात होते.

मोबाईलवरच हे काम करून देणारी अ‍ॅपे पुष्कळ आहेत. त्यांपैकी जे अ‍ॅप संपर्कयादी अथवा ठावठिकाणा पाहण्याची परवानगी मागते ते घेऊ नये. ध्वनी काढण्यास त्याची काहीएक आवश्यकता नसते. इंटरनेटवरील संकेतस्थळांकडून रूपांतर करून घेण्यात तर निव्वळ तोटा आहे, कारण तेथे आधी सबंध चित्रफीत चढवावी लागते, आणि तिचे वजन वाचविण्यासाठीच हा सारा खटाटोप चाललेला असतो. काही ठिकाणी फाईलच्या नावातील शेवटचे एमपी४ खोडून एमपी३ लिहिण्याची युक्ती केलेली आढळते. त्याने काहीही साधत नाही. बारदानावरचा शिक्का बदलला म्हणून आतले धान्य बदलत नाही. फाईल तेवढीच जड राहते व साध्या मोबाईलवर वाजत नाही ती नाहीच.

आता ज्या बाबीकडे सर्वांत अधिक लक्ष पुरवावयास हवे तिच्याकडे वळू.

फाईल लहान करण्याच्या भरात नमुन्यांचा दर ८,००० पर्यंत उतरविण्याचा मोह होतो. या दराने सेकंदाला ४,००० कंपनांहून उंच सूर नोंदलेच जाऊ शकत नाहीत. मराठीतील स, श, च, छ या वर्णांची ओळख कानाला ज्या सळसळीवरून पटते, तिचा मोठा भाग याच्या वरच्या पट्टीत असतो. तो कापला गेला म्हणजे गाणे ऐकणाऱ्यास फारसे बिघडत नाही, औषधाचे प्रमाण ऐकणाऱ्याचे मात्र बिघडते. ‘साठ’ आणि ‘आठ’ या दोन शब्दांत भेद आहे तो फक्त त्या ‘स’चा. वाऱ्याच्या आवाजात, आखूड केलेल्या ध्वनिफितीत, स्वस्त स्पीकरवर ‘आठ मिली’ आणि ‘साठ मिली’ यांची गल्लत होणे मुळीच अशक्य नाही. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’, ‘बासष्ट’ आणि ‘पासष्ट’ याही जोड्या तशाच घातकी. उसाचे वाणसुद्धा आपल्याकडे नावापेक्षा आकड्यांनीच ओळखले जातात, हे येथे ध्यानात घ्यावे.

ही भीती कोणास अतिरंजित वाटू नये. द्राक्षबागेत ऐन फुलोऱ्यात प्रमाणाबाहेर फवारणी झाल्यास घड करपतात, आणि वर्षाचे उत्पन्न एका सकाळीत जाते. माल परदेशी जावयाचा असेल तर औषधाचा अंश तपासला जातो, तेथे कानाची चूक ही सबब चालत नाही. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराईड या वाढरोधकाचा अंश युरोपातील मर्यादेहून अधिक आढळल्यामुळे भारतीय द्राक्षे तेथे अडकून पडली, त्याची झळ महाराष्ट्रातील बागायतदारांस चांगलीच बसली. तो प्रकार ध्वनिफितीमुळे घडलेला नव्हता, पण प्रमाणातील फरक किती महाग पडतो हे त्यावरून कळावे.

दुसरी अडचण चित्र गेल्याने उत्पन्न होते. प्रात्यक्षिक दाखविणारा म्हणतो, “एवढे घ्यायचे, असे ढवळायचे आणि हा रंग आला की थांबायचे.” चित्रफितीत हे वाक्य परिपूर्ण आहे. ध्वनिफितीत त्याला काडीचाही अर्थ नाही, किंबहुना ऐकणारा आपल्या मनाने ‘एवढे’ ठरवितो, हे अधिक वाईट. म्हणून ध्वनी काढल्यानंतर तो डोळे मिटून एकदा सबंध ऐकावा आणि जेथे जेथे ‘असे’, ‘हे’, ‘इथून’, ‘एवढे’ येईल तेथे थांबावे. ऑडॅसिटी या विनामूल्य कार्यक्रमात ध्वनिफीत उघडून त्या जागी आपल्या आवाजात एक वाक्य घालता येते : “येथे दहा लिटरची बादली घेतली आहे,” किंवा “कंदाचा डोळा वरच्या बाजूस ठेवला आहे.” त्याच कार्यक्रमात वाऱ्याची घरघर कमी करण्यासाठी शंभर कंपनांखालचा भाग गाळता येतो आणि बारीक आवाज उंच करता येतो. मात्र वाऱ्याने शब्दच गिळला असेल तर कोणतेही साधन तो परत आणीत नाही. तो भाग नव्याने बोलून घेणे हाच उपाय.

काही विषय असे आहेत की त्यांचा ध्वनी वेगळा काढूच नये. द्राक्षाची खरड छाटणी व फळछाटणी, कलम बांधणे, पानावरील ठिपका डाऊनीचा की भुरीचा हे ओळखणे, या गोष्टी डोळ्यांनीच शिकावयाच्या असतात. उलटपक्षी खतांच्या हप्त्यांचे वेळापत्रक, बेणे निवडीची कारणे, पाण्याच्या पाळ्या, पीकविम्याची मुदत, अनुभवी शेतकऱ्याशी झालेली प्रश्नोत्तरे हे सर्व ऐकण्यास उत्तम. हळदीच्या बेणेप्रक्रियेसारखा विषय मध्ये कोठेतरी पडतो. त्याची ध्वनिफीत करावी, पण तिच्याबरोबर एक छायाचित्र व प्रमाणाचा लेखी तक्ता अवश्य द्यावा.

चित्रण करतानाच थोडी दक्षता घेतल्यास पुढील निम्मे कष्ट वाचतात. बोलणाऱ्याच्या सदऱ्याला लावावयाचा छोटा मायक्रोफोन असल्यास उत्तमच. नसल्यास मोबाईल हातभर अंतरावर, वाऱ्याकडे पाठ करून धरावा. पंप किंवा फवारणीयंत्र चालू असताना स्पष्टीकरण देऊ नये, आधी बोलावे व मग यंत्र सुरू करावे. प्रत्येक प्रमाण दोनदा सांगावे व दुसऱ्यांदा ते मोडून सांगावे : “साठ मिली, म्हणजे सहा दाहे साठ.” कशाचे, किती पाण्यात आणि किती क्षेत्रास, ही तिन्ही अंगे त्याच वाक्यात यावीत.

जत तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी गावे आहेत. तेथे या कामाचा निराळाच लाभ होतो. ध्वनीचा प्रवाह चित्रापासून सुटा असल्याने त्याच चित्रावर कन्नडमधील बोलणे चढविता येते, आणि स्थानिक जाणकाराने सांगितलेली कन्नड ध्वनिफीत स्वतंत्रपणेही वाटता येते.

ध्वनिफितीच्या आरंभी ठिकाण, हंगाम आणि तारीख स्पष्ट बोललेली असावी. फाईल एकदा गावात गेली की ती वर्षानुवर्षे या कार्डावरून त्या कार्डावर फिरत राहते, आणि शिफारशी मात्र बदलतात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी आणली. त्यापूर्वीचे एखादे भाषण आज तारखेवाचून कोणाच्या कानी पडले, तर त्याने ते कालचे की आजचे हे कशावरून ओळखावे? औषधाचा उल्लेख आला की डब्यावरील लेबल व माहितीपत्रक वाचण्याची सूचनाही त्याच फितीत असावी, आणि दोहोंत तफावत दिसल्यास लेबल प्रमाण मानावे. फाईलच्या नावाच्या सुरुवातीस अनुक्रमांक घालावा, कारण काही साध्या मोबाईलवर देवनागरी नावाच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात, आणि अशा वेळी आकडा तेवढा उपयोगी पडतो.

ज्याचे बोलणे आहे त्याची संमती घेणे आवश्यक आहे. प्रात्यक्षिकास होकार देणाऱ्या शेतकऱ्याने आपला आवाज, नाव व दूरध्वनी क्रमांक सर्व तालुक्यात फिरविण्यास होकार दिलेला असतोच असे नाही. क्रमांक उच्चारला गेला असल्यास तो भाग कापून टाकावा. दुसऱ्या कोणी तयार करून प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीचा ध्वनी त्याच्या परवानगीवाचून काढून वाटणे हे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये अडचणीचे ठरू शकते. आपण स्वतः केलेल्या चित्रणापुरतेच हे काम ठेवावे, अथवा लेखी परवानगी घ्यावी.

वाटपापूर्वी एक चाचणी घ्यावी. तयार ध्वनिफीत सर्वांत स्वस्त मोबाईलवर, मोकळ्या शेतात, विहिरीवरील मोटर चालू असताना वाजवावी. प्रात्यक्षिकास हजर नसलेल्या दोन व्यक्तींना, शक्य तर एका वृद्ध शेतकऱ्याला व एका शेतकरी भगिनीला, ती ऐकवावी व ऐकू आलेला प्रत्येक आकडा कागदावर लिहून घ्यावा. तो कागद मूळ शिफारशीशी ताडून पाहावा. एकही आकडा चुकला असेल तर तेवढे वाक्य पुन्हा बोलून भरावे, मूळ चित्रफितीवरून नवी फाईल काढावी आणि जुनी कार्डावरून पुसून टाकावी. मूळ चित्रफीत निदान तो हंगाम संपेपर्यंत कार्यालयाच्या संगणकावर ठेवावी.